पेश-इमाम की कारकून ?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात, नालवाडी येथे, एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



मेळाव्यात शिक्षकाला बोलायला उभे केले की तो निकाल, हजेरी आणि गृहपाठ या तीन गोष्टींवर बोलणार हे तुम्ही धरूनच चालता. दरवर्षी मी तेच बोलतो आणि तुम्ही ते शांतपणे ऐकून घेता, याबद्दल मी आभारी आहे. यंदा मात्र विषय बदलण्याची परवानगी मी अध्यक्षांकडे मागितली आणि त्यांनी ती दिली. माझा विषय आहे आपल्या मशिदीचे इमामसाहेब आणि त्यांच्यासमोर साठलेले कागद. शाळेच्या मास्तरला यात पडण्याचे कारण काय, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. कारण सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल.

गेल्या वर्षी माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी सलग चार दिवस आली नाही. हुशार मुलगी, एरवी तापातसुद्धा येणारी. घरी गेलो तेव्हा ती धाकट्या भावाला सांभाळत बसली होती. आई कागदासाठी फिरत होती. वडील काही महिन्यांपूर्वी वारले. नोकरीच्या ठिकाणची जी काही पेन्शन त्या बाईंना मिळायची होती, तिच्यासाठी लग्नाचा पुरावा मागितला गेला. निकाह झालेला १४ वर्षांपूर्वी. घरातली निकाहनाम्याची प्रत पावसाळ्यात भिजून गेलेली. विवाहाची सरकारी नोंदणी केलेलीच नव्हती. तेव्हा त्या मशिदीत गेल्या. ज्या इमामसाहेबांनी निकाह पढवला ते कधीच आपल्या गावी परत गेलेले, आणि आताच्या इमामसाहेबांना जुने रजिस्टर कोठे आहे याची कल्पना नव्हती. त्यांनी बिचाऱ्यांनी तीन दिवस पेट्या आणि कपाटे उपसली. रजिस्टर सापडले, पण त्याची शिवण सुटलेली, नोंद शिसपेन्सिलीने उर्दूत केलेली, आणि नवऱ्याचे नाव आधार कार्डावरच्या नावाशी न जुळणारे. मग भाषांतर, मग प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा एका कार्यालयाची पायरी. दीड महिना गेला. आणि त्या तीन दिवसांत मक्तब बंद राहिला, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. चाळीस मुले रोज संध्याकाळी येऊन दार बंद पाहून परत गेली.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी त्या इमामसाहेबांना एकदा सहज विचारले, "मौलानासाहेब, आपले काम काय काय असते ?" ते हसले आणि म्हणाले, "पाँच वक़्त की नमाज तो है ही, वो काम थोडे ही है." मग सांगू लागले. सकाळ-संध्याकाळ मक्तब. जुम्म्याचा खुतबा. निकाह, जनाजा, आजाऱ्याची विचारपूस, नवरा-बायकोची भांडणे. इथपर्यंत आपल्याला ठाऊक आहे. पण पुढे ? चंद्याच्या पावत्या फाडणे, पेटीचे पैसे मोजणे, विजेचे बिल, पाणीपट्टी, मशिदीच्या दोन गाळ्यांचे भाडे वसूल करून वहीत लिहिणे, ट्रस्टच्या सभेचे इतिवृत्त लिहिणे, हिशेब तपासनिसाकडे कागद पोचवणे, लाऊडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज, ईदच्या बंदोबस्तासाठी ठाण्यातली बैठक, कोणाला वास्तव्याचा दाखला हवा म्हणून मशिदीच्या शिक्क्याचे पत्र. यातले बरेचसे काम वास्तविक कमिटीचे आहे. पण कमिटीतले सगळे आपापल्या धंद्यात आणि नोकरीत. मशिदीत चोवीस तास हजर असतो तो एकच माणूस. म्हणून काम वाहत वाहत त्याच्याकडे जाते.

आणि आणखी एक अडचण, जी आपण मोठ्याने बोलत नाही. आपल्याकडचे कितीतरी इमाम उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेले असतात. त्यांनी आठ-आठ वर्षे मदरशात अरबी, फारसी, फिकह, हदीस यांचा अभ्यास केलेला असतो. अर्ज मात्र येतात मराठीत. आलीम माणूस मराठी अर्जासमोर बसला म्हणजे त्याची अवस्था पहिलीच्या मुलासारखी होते, आणि ती पाहताना मला शिक्षक म्हणून लाज वाटते. लाज त्यांची नाही, आपली.

आता कोणी म्हणेल, मग लिहिणेच कमी करू. मौलवी लोकांना कागदाच्या भानगडीत कशाला घालायचे ? मी याच्या विरुद्ध आहे. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे ? सूरह बकराची २८२ वी आयत देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. हजरत उमर रजि. यांच्या खिलाफतीत दीवान सुरू झाला, म्हणजे कोणाला किती वेतन द्यायचे याची नोंदवहीच. लिहून ठेवणे आपल्या परंपरेला परके नाही. प्रश्न एवढाच आहे की एकच गोष्ट किती वेळा लिहायची, कोणी लिहायची आणि लिहिलेले जपायचे कोठे.

निकाहचेच उदाहरण घ्या. १८८० चा काझी कायदा आपल्या देशात आहे, पण तो काझीला न्यायाधीशाचे अधिकार देत नाही, आणि निकाहसाठी सरकारी काझी हजर असलाच पाहिजे असेही म्हणत नाही. म्हणून पढवणारा कोणीही असला तरी निकाह होतो. नोंद मात्र ज्याच्या-त्याच्या पद्धतीने होते. दुसरीकडे महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात सांगितले की विवाह कोणत्याही धर्माचा असो, त्याची नोंदणी सक्तीची असावी. खेड्यात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. नवरा, नवरी, तीन साक्षीदार आणि विवाह लावणारा धर्मगुरू यांच्या सह्या असलेले ज्ञापन, म्हणजे 'नमुना ड', भरून द्यावे लागते. विवाह नोंदणीचा दाखला ही लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली ग्रामपंचायतीची अधिसूचित सेवा आहे, म्हणजे तो मुदतीत मिळणे हा तुमचा हक्क आहे.

तेव्हा पाहा, निकाहच्या दिवशी मुला-मुलीचे नाव, बापाचे नाव, पत्ता, वय, साक्षीदार हे सगळे मशिदीच्या रजिस्टरात लिहिले जाते, मग निकाहनाम्यात, मग महिनाभराने कोणाला आठवण झाली तर नमुना 'ड' मध्ये. तीन वेळा, तीन हातांनी, दोन लिप्यांत. एका ठिकाणी 'शेख', दुसऱ्या ठिकाणी 'शे.', तिसऱ्या ठिकाणी आडनावच नाही. शाळेच्या दाखल्यावर 'शे.' लिहिण्याची सवय आम्हा मास्तरांचीही आहे, हा दोष मी कबूल करतो. हा एक टिंब पुढे बाईला दीड महिना फिरवतो.

या बाबतीत मला इंग्लंडची एक गोष्ट सांगण्यासारखी वाटते. तिथे १८३७ पासून चर्चमधले पाद्री विवाहाची दोन-दोन रजिस्टरे एकसारखी भरत आले. दर तिमाहीला त्यांची नक्कल वर पाठवायची. ४ मे २०२१ पासून ही पद्धत बंद झाली. आता विवाहाच्या वेळी एकच कागद भरून त्यावर सह्या होतात, तो निबंधकाकडे जातो आणि तेथे संगणकातील एकाच नोंदवहीत चढतो. पावणेदोनशेहून अधिक वर्षांचे दुहेरी लिखाण संपले. आणि एक चांगली गोष्ट त्यातच झाली : तोपर्यंत विवाहाच्या नोंदीत फक्त बापाचे नाव असे, आता आईचेही येते. कागद सोपा करताना तो अधिक न्यायाचाही करता येतो, हे मला त्यात आवडले. आपल्या राज्यानेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव लावण्याचे ठरवले आहे.

पण इंग्लंडात बदल कोठून सुरू झाला ते लक्षात घ्या. आधी त्यांनी ठरवले की दोनदा लिहायचे नाही, आणि मग यंत्र आणले. आपल्याकडे बहुधा उलटे होते. वहीतला गोंधळ तसाच्या तसा संगणकात चढवला तर तो संगणकातला गोंधळ होतो, इतकेच.

याचा अनुभव आपण २०२५ साली घेतला. वक्फ कायद्यात त्या वर्षी दुरुस्ती झाली. तिच्याबद्दल सभागृहात वेगवेगळी मते असतील, माझीही आहेत, पण आजचा विषय तो नाही. ६ जून २०२५ रोजी 'उम्मीद' नावाचे पोर्टल सुरू झाले आणि सहा महिन्यांत प्रत्येक वक्फ मिळकतीचा तपशील त्यावर चढवण्याचे बंधन आले. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी काही कलमांना अंतरिम स्थगिती दिली, नोंदणीच्या अटीला दिली नाही. १ डिसेंबरला सरसकट मुदतवाढही नाकारली आणि अडचण असणाऱ्यांना न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. पोर्टलवर पद्धत तीन पायऱ्यांची : मुतवल्लीने भरायचे, वक्फ मंडळाच्या माणसाने तपासायचे, वरिष्ठाने मंजूर करायचे. मुदत संपली तेव्हा देशभरात ५,१७,०४० मिळकतींची नोंद सुरू झालेली होती. त्यांपैकी २,१६,९०५ मंजूर झाल्या, २,१३,९४१ भरून पुढच्या पायरीवर थांबल्या, १०,८६९ नाकारल्या गेल्या. बेरीज करून पाहा. ७५ हजारांवर नोंदी सुरू होऊन पुढे सरकल्याच नाहीत. आणि देशातल्या एकूण वक्फ मिळकती आधीच्या सरकारी यादीप्रमाणे ८ लाख ७२ हजार होत्या. म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास मिळकतींचा अर्ज उघडलाही गेला नाही.

त्या डिसेंबरात मी दोन-तीन मशिदींच्या मंडळींना अर्ज भरायला मदत केली. जे पाहिले ते सांगतो. मोबाईलवर येणारा सांकेतिक आकडा ज्या नंबरवर जाई, तो नंबर कमिटीतल्या कोणाच्या तरी पुतण्याचा, आणि पुतण्या पुण्याला. सात-बारावर मुतवल्ली म्हणून ज्यांचे नाव ते मरून वीस वर्षे झाली. दानपत्र इमामसाहेबांच्या ट्रंकेत आहे असे सगळे सांगत, पण कोणत्या इमामसाहेबांच्या हे कोणालाच आठवत नव्हते. एका ठिकाणी तर रात्री दीड वाजता, इशा होऊन केव्हाच लोक घरी गेल्यावर, इमामसाहेब एकटे मोबाईलच्या उजेडात चौकशी अर्जाचे रकाने वाचत बसलेले मी पाहिले. पहाटे त्यांनाच फजरची अजान द्यायची होती.

दोष पोर्टलला देता येईल, आणि थोडा द्यावाही. पण जो कागद आपण वीस वर्षे हलवला नाही तो सहा महिन्यांत कसा हलणार ? ट्रस्टमधला विश्वस्त बदलला तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. आपल्यापैकी किती मशिदींनी तो दिला आहे ? शिवाय आपली संस्था वक्फ म्हणून नोंदलेली आहे की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून, हेच पुष्कळांना माहीत नसते. राज्याच्या वक्फ मंडळाची स्थापना २००२ सालची. त्याआधीपासूनच्या आपल्या भागातील कितीतरी संस्था धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी आहेत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने वक्फ मंडळाची स्थापना योग्य ठरवली, पण प्रत्येक मुस्लिम सार्वजनिक ट्रस्ट हा वक्फच असतो असे नाही, हेही स्पष्ट केले. तेव्हा आधी जुना नोंदणीचा कागद काढून वाचावा, मग कोणत्या दारात जायचे ते ठरवावे. हे काम इमामाचे नव्हे. हे ज्यांची नावे पाटीवर रंगवलेली आहेत त्यांचे आहे.

लहान मशिदींना कायद्याने थोडी सूटही दिली आहे, ती आपण घेत नाही. २०२५ च्या दुरुस्तीत मंडळाला द्यायची वर्गणी निव्वळ उत्पन्नाच्या ७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, आणि पूर्ण हिशेब तपासणीची मर्यादा ५० हजारांवरून १ लाख रुपये झाली. दोन गाळ्यांचे भाडे असलेल्या मशिदीला हे उपयोगी आहे. कोणी सांगितले का तुम्हाला ?

पालकहो, आता आपल्या हातात असलेले थोडेसे बोलतो. मी कोणतीही मोठी योजना आणलेली नाही.

पहिले, निकाहचे रजिस्टर. छापखान्यात जाऊन असे पुस्तक बांधून घ्यावे की ज्याच्या प्रत्येक नोंदीला छापील क्रमांक आहे, रकाने उर्दू आणि मराठी दोन्हींत आहेत, आणि रकान्यांचा क्रम नमुना 'ड' सारखाच आहे. एकदाच लिहायचे, कार्बनने तीन प्रती. एक मुलीकडे, एक मुलाकडे, एक पुस्तकात. मुलीकडची प्रत मुलीच्याच हातात द्यावी, तिच्या मामाच्या खिशात नव्हे. आधार कार्ड समोर ठेवून नाव उतरवावे. महर किती, दिला की बाकी, हे अंकांत आणि अक्षरांत लिहावे. आणि त्याच बैठकीत, बिर्याणी वाढायच्या आधी, नमुना 'ड' वर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. साक्षीदार तिथेच असतात, इमामसाहेब तिथेच असतात. पुन्हा सगळ्यांना गोळा करणे यात जो वेळ जातो तो वाचतो.

दुसरे, मशिदीचा मोबाईल नंबर आणि ई-मेल. हे ट्रस्टच्या नावाने असावे आणि सिमकार्ड खजिनदाराकडे असावे. इमामसाहेब बदलले की नंबरही त्यांच्याबरोबर गावी जातो, हे थांबले पाहिजे. चंद्यासाठी क्यूआर कोड लावला असेल तर त्याचे खातेही ट्रस्टचेच हवे. काही ठिकाणी तो इमामाच्या स्वतःच्या खात्याचा असतो, सोयीसाठी. उद्या आयकराची विचारणा आली तर त्या गरीब माणसाने काय उत्तर द्यायचे ? त्याचा पगार केवढा, खात्यात जमा केवढी !

तिसरे, जुने कागद. मोबाईलने पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ करणे आता आठवीच्या मुलालाही येते. नाव देताना साल आणि नोंद क्रमांक एवढेच द्यावे, म्हणजे शोधणे सोपे. एक प्रत ट्रस्टच्या ई-मेलवर, एक पेनड्राइव्हवर, मूळ वही लोखंडी कपाटात. डिजिटल सहीचा सात-बारा महाभूमी पोर्टलवरून १५ रुपयांत मिळतो. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. हे दोन्ही वर्षातून एकदा काढून पाहावे. नाव बदलले, क्षेत्र बदलले, तर त्याच वर्षी कळेल.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगतो, कारण उत्साहात आपण ती विसरतो. सगळे काही मोबाईलवर घालायचे नसते. नवरा-बायकोचा तंटा इमामसाहेबांपुढे आला तर त्यातला एक शब्दही व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये. निकाहनाम्याचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकण्याची जी पद्धत पडली आहे ती वाईट आहे; त्यावर मुलीचा पत्ता असतो, आधारचा नंबर असतो. आणि सांकेतिक आकडा फोनवर कोणी विचारला तर तो सांगायचा नाही, विचारणारा स्वतःला कोणत्याही कार्यालयाचा साहेब म्हणवो.

हे करणार कोण ? इथे मी माझ्या विद्यार्थ्यांकडे पाहतो आहे, आणि ते खाली पाहू लागले आहेत.

मित्रहो, आपले नालवाडी हे साधे गाव नाही. १९३२ साली विनोबा इथे राहायला आले. केवळ सूतकताईच्या मजुरीवर जगता येते का, याचा प्रयोग त्यांनी इथेच स्वतःवर केला. वाळुंजकरांनी इथेच चर्मालय चालवले. पुढे विनोबांनी अरबी शिकून मूळ कुरआनचा अभ्यास केला, आणि १९६२ साली त्यांचे 'कुराण-सार' निघाले. आणि इथून हाकेच्या अंतरावर, वर्ध्यात, ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे या देशाचे राष्ट्रपती झाले. हाताने उपयोगाचे काम करता करता मुलाने भाषा आणि गणित शिकावे, असा त्या समितीच्या अहवालाचा गाभा. आम्ही बी. एड. ला त्यावर दहा गुणांचा प्रश्न सोडवतो आणि मग विसरून जातो.

तुम्ही मुले मराठी शाळेत शिकता. घरी उर्दू बोलता, काहींना लिहिताही येते. मशिदीच्या कमिटीत ज्या गोष्टीवाचून अडते, ती तुमच्याजवळ आहे : दोन्ही लिप्या आणि मोबाईल. इमामसाहेबांनी उर्दूत सांगावे आणि तुम्ही मराठीत अर्ज लिहावा. रोजकीर्द कशी लिहितात हे वाणिज्य शाखेच्या मुलांनी पुस्तकात वाचले आहे, आता मशिदीच्या जमाखर्चावर लिहून पाहावे. यातून मराठीचा जो सराव होईल तो मी फळ्यासमोर उभा राहून देऊ शकत नाही.

सुरुवात आम्ही केली आहे. सहा मुले आणि तीन मुली, दर रविवारी सकाळी दहा ते बारा. मुली शाळेच्या खोलीत बसून पानांची यादी करतात, मुले मशिदीत फोटो काढतात. दोन रजिस्टरे झाली. पहिल्या दिवशी निम्मे फोटो तिरपे आले आणि एका मुलाच्या बोटाने प्रत्येक पानाचा कोपरा झाकला गेला. ते सगळे पुन्हा काढले. तिसरे रजिस्टर वाळवी लागलेले आहे, त्याची पाने कशी सोडवायची हे कोणाला येत असेल तर कृपया मला भेटावे. ज्या मुलीची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तीही यादी करणाऱ्यांत आहे. तिच्या आईची पेन्शन सुरू झाली आहे. आपल्या आई-वडिलांची नोंद तिने स्वतः क्रमांक टाकून लिहिली.

मक्तब आता संध्याकाळी वेळेवर उघडतो. पालकांना विनंती एवढीच की पुढच्या रविवारी येताना घरातला निकाहनामा सोबत आणावा, भिजलेला असला तरी.

खुदा हाफिज.